हजेरीत न घेतलेलं नाव

बाबा,

हे हातानं लिहितोय. अक्षराबद्दल तुम्ही बोलालच, पण कॉम्प्युटरवर लिहिलं तर तुमच्या नातीच्या हाती लागेल. तिच्या हाती एकदा जे लागलं तेवढं पुरे आहे. नोएडातला तिचा हा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे. खाली बाग आहे, बागेत माझ्यासारखी म्हातारी माणसं गोल गोल फिरत असतात आणि मी फिरता फिरता कविता म्हणतो. शाळेतल्या, तुम्ही शिकवलेल्या, तुमच्याच चालीत. परवा एक पंजाबी बाई थांबून म्हणाल्या, "भाईसाहब, कौन सा पाठ करते हो आप? सुनके अच्छा लगता है." मी म्हणालो, स्कूल का है. त्यांना वाटलं असेल, म्हातारा सुखात आहे.

कविता म्हणताना मी खरोखरच सुखात असतो. डोळे अर्धे मिटले की नववीची दुपार येते, जेवणाच्या सुट्टीनंतरचा मराठीचा तास. खिडकीबाहेर कडुनिंब, आत घामेजलेली पोरं, आणि तुम्ही पुस्तक न उघडता म्हणताय. कडव्याच्या शेवटी तुमचा आवाज जरा खाली यायचा, विहिरीत दोर सोडताना हात सैल होतो तसा. तेवढ्यासाठी मी शाळेत यायचो. घरी तुम्ही बाबा आणि शाळेत सर, आणि मला सरच जास्त आवडायचे, कारण सर कविता म्हणायचे. बाबा फक्त एवढंच म्हणायचे की पाठांतर कच्चं आहे.

तुमची एक शिक्षा होती, ती दुसऱ्या कुठल्या मास्तरांना सुचली नाही. छडीला तुम्ही हात लावला नाहीत कधी. गावात तुमचं त्याबद्दल नाव होतं. ज्या पोरावर राग असेल त्याचं नाव तुम्ही हजेरीत घ्यायचा नाहीत, बस. पोरगं बाकावर बसलंय, 'हजर सर' ओठांवर तयार आहे, आणि तुम्ही त्याच्या आधीचं नाव घेऊन सरळ त्याच्या नंतरच्या नावावर जाता. तो उभा राहिला तरी तुम्हाला दिसत नाही. हात वर केला तरी दिसत नाही. दोन दिवसांनी इतर पोरांनाही तो दिसेनासा व्हायचा. स्वतःहून टेबलापाशी येऊन माफी मागेपर्यंत हे चालायचं. मी ओढ्यावर एक कविता केली होती आणि तुम्हाला न विचारता भिंतीवरच्या अंकात लावली होती, तेव्हा अकरा दिवस माझं नाव घेतलं नाहीत. घरीसुद्धा. मीठ माझ्यापुढं असलं तरी तुम्ही चुलीपाशी बसलेल्या आईला हाक मारायचात, मीठ दे. ती उठून यायची, माझ्यासमोरून मीठ उचलायची आणि तुमच्या ताटात वाढायची. बाराव्या दिवशी मी टेबलापाशी आलो. तुम्ही ओढ्याची कविता वर्गाला वाचून दाखवलीत, कागद घडी घालून मला परत दिलात आणि म्हणालात, "यमक जुळतंय. बाकी काही नाही." पोरं हसली. मग तुम्ही माझं नाव घेतलंत आणि मी हजर झालो.

आई गेल्यावर तुम्ही आमच्याकडे दिल्लीला आलात. लक्ष्मीबाई नगरचा तो सरकारी क्वार्टर तुम्हाला आवडला होता, मागच्या अंगणात बसता यायचं म्हणून. मी एका सरकारी कचेरीच्या कॉम्प्युटर सेक्शनला होतो. नेहरू प्लेसहून सुटे भाग आणून घरी एक कॉम्प्युटर जोडला होता. त्यात विंडोज होती, तुमच्यासाठी, कारण मराठी टायपिंगचा प्रोग्राम तिच्यावरच चालायचा. आणि लिनक्स ही दुसरी सिस्टम होती, माझ्यासाठी, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून घातलेली. डिस्क एकच, तिच्यावर संसार दोन. अशा वेळी दाराशी एक छोटासा प्रोग्राम बसवावा लागतो, त्याला बूट लोडर म्हणतात. बटण दाबलं की सगळ्यांच्या आधी तो जागा होतो, पडद्यावर दोन नावं दाखवतो आणि यातलं कुणाला उठवू असं विचारतो. ठरवून दिलेले सेकंद वाट पाहतो. तेवढ्यात कुणी काही सांगितलं नाही तर पहिल्या नावाला उठवून मोकळा होतो. मी तुम्हाला हे समजावलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हणजे हजेरी घेतो." मी म्हणालो, हो, तसंच.

सुरुवातीला मुदत दहा सेकंदांची होती. आकडे उलटे उतरायला लागले की तुमची बोटं अडखळायची. "अरे, परीक्षा घेतो काय हा?" मी त्याची सेटिंगची फाइल उघडून दहाचे तीस केले. एवढंसं काम, पण त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघून हसला होतात. मग एका कागदावर तुमच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलंत, 'खालचा बाण एकदा. मग एंटर.' आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलात. रोज सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून तुम्ही त्या खुर्चीत बसायचात, शाळेत जाताना घालायचात तसाच इस्त्रीचा सदरा. पंचाहत्तरी उलटल्यावर तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा कविता लिहीत होता. दोन वर्षांत बेचाळीस झाल्या. टाइप झाली की मूळ कागद फाडायचात. कच्चं लेखन ठेवू नये, हे तुम्ही आम्हालाही शिकवलं होतं. आपल्या गावाकडं तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा छापखाना होता, तो पुस्तक काढणार होता. दिवाळीच्या आत सीडी पाठवा सर, एवढंच त्याचं म्हणणं होतं. तुम्हाला ते पुस्तक किती हवं होतं हे मला कळत होतं, कारण तुम्ही त्याबद्दल कधी बोलायचा नाहीत. फक्त वाण्याकडून आलेल्या पिशव्यांचे जाडजूड कागद हातात धरून बोटांनी चाचपायचात, मुखपृष्ठाला कसला कागद बरा दिसेल म्हणून.

तुम्ही संध्याकाळी फिरायला गेलात की मी त्या कविता वाचायचो. दोनदा वाचली की पाठ. तुम्हीच तयार केलेला मुलगा मी. आईवर एक होती, तिची सुरुवात अशी:

दार उघडं टाकून गेलीस,
आता वारा येतो तुझ्याच घाईत.

या दोन ओळींवर मी खुर्चीत बसून राहिलो होतो, कूलरचं पाणी संपून नुसता पंखा घरघरत होता तरी उठलो नाही. तुम्ही परत आलात आणि म्हणालात, "कूलर बघत नाहीस का?"

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला आपल्याकडे आसपासची मराठी मंडळी आली होती. वंदना झाली, खीर झाली, आणि कुणीतरी मला म्हणालं, तुम्हीही लिहिता म्हणे, होऊ द्या एखादी. मी त्रेपन्न वर्षांचा होतो. तुमच्याकडे न बघता मी माझी कविता म्हटली. चांगली म्हटली, आवाज कुठं तुटला नाही. शेवटी जरा शांतता झाली, चांगली कविता झाल्यावर होते तशी. मला वाटलं, झालं. तुम्ही वाटीतली खीर संपवून चमचा वाटीत ठेवलात आणि म्हणालात, "जुळवलंय बरं. कारकून आहे ना. जुळवाजुळव येते त्याला."

एक शेजारी म्हणाले, "सर, पोराला अजून मार्क देताय होय?"

"मार्क कसले. नापास केलं नाही एवढंच. वर ढकलला."

सगळे हसले. तुमची नात तेव्हा तेरा वर्षांची, सतरंजीवर बसून खीर खात होती, तीही हसली. तुमच्या सुनेनं पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की आणखी कशाला, ते मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तुम्ही अंगणात पेपर वाचत होता. मी बूट लोडरची ती फाइल उघडली. त्या फाइलीत ओळीच्या आधी # असं जाळीसारखं चिन्ह टाकलं की बूट लोडर ती ओळ वाचतच नाही. ओळ असते जागेवर, पण त्याच्या लेखी ती नसते. विंडोजच्या नावाच्या तीन ओळी होत्या. तिन्हींपुढं चिन्ह टाकलं. तीस सेकंदांचे शून्य केले, म्हणजे नावं दाखवणं नको आणि विचारणंही नको. काही पुसलं नाही बाबा, एक अक्षर पुसलं नाही. बेचाळीस कविता होत्या तिथंच होत्या, बाकावर बसलेल्या. मी फक्त नाव घेतलं नाही. दोन मिनिटांचं काम. एक गोड गारवा वाटला अंगभर. आठ दिवस, असं मी ठरवलं होतं. तुम्ही माझ्याकडे याल, म्हणाल, बघ रे जरा, आणि मी बघीन, आणि सापडल्या म्हणून सांगेन. एकदा तुम्ही माझ्या टेबलापाशी यावं, एवढंच मला हवं होतं.

सोमवारी सकाळी पांढरा सदरा घालून तुम्ही बसलात. बटण दाबलंत, खालच्या बाणावर बोट ठेवून वाट पाहत राहिलात. पडदा काळा झाला आणि सरळ माझं लिनक्स उघडलं. तुम्ही बंद केलंत, पुन्हा लावलंत. चार वेळा. मी दाढी करत होतो, आरशात सगळं दिसत होतं.

"काऊन उघडत नाही रे हे?" वर्गात आम्हाला तुम्ही कधी 'काऊन' म्हणू दिलं नाहीत.

"काय झालं?"

"माझं नाव येत नाही त्यात."

"तुम्ही काही दाबलंत का काल?"

"नाही."

"काहीतरी दाबलं असणार. आपोआप नाही जात."

तुम्ही कीबोर्डकडे बघत राहिलात. मी डबा घेऊन कचेरीत गेलो.

तुम्ही आला नाहीत माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी वही काढलीत आणि आठवून आठवून लिहायला लागलात. आम्हाला कवितेतला एक शब्द चुकला तर सगळी पुन्हा म्हणायला लावणारे तुम्ही, आणि तुमच्याच कवितांची कडवी तुम्हाला सापडेनात. एका संध्याकाळी वही घेऊन दारात उभे राहिलात. म्हणालात, "तू वाचायचास ना रे त्या. मला माहीत आहे. तुझ्या आईवरची जी आहे, तिचं तिसरं कडवं आठवतं का?"

कडवं माझ्या जिभेवर होतं. तुमच्या आवाजात होतं, शेवटी खाली येणाऱ्या.

"नाही," मी म्हणालो. "दोन कडवी म्हणा बघू, लागली तर लिंक लागेल."

तुम्ही म्हटलीत. दुसऱ्या कडव्यात अडलात.

"पुन्हा म्हणा."

तुम्ही पुन्हा म्हटलीत. पुन्हा तिथंच अडलात. दाराच्या चौकटीला धरून उभा असलेला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. मी म्हणालो, "पाठांतर कच्चं आहे."

 वही मिटलीत. तुमच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट आठवतं, पण ते मी लिहिणार नाही. त्या वेळी मात्र ते बघून मला बरं वाटलं होतं, हे लिहितो.

आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना. माझ्याकडे यायचं सोडून तुम्ही मार्केटमधल्या मेकॅनिकला घेऊन आलात, तोडकं हिंदी बोलत, स्वतः रिक्षाचे पैसे देऊन. त्याने दोन-तीनदा चालू-बंद केलं आणि म्हणाला, "अंकल, इसमें तो एक ही सिस्टम है. आपका वाला उड़ गया. बोलो तो पूरा साफ करके नया विंडोज डाल देता हूँ, आधे घंटे का काम है."

तो साफ करणार म्हणजे खरंच साफ करणार होता. मी दारातून म्हणालो, "रहने दो भैया."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग त्याच्याकडे. "हाँ, रहने दो. इसका ऑफिस का काम है उसमें. मेरा क्या, मैं तो रिटायर आदमी हूँ."

माझं ऑफिसचं काम त्यात काही नव्हतं. मी त्यावर पत्त्यांचा डाव खेळायचो.

त्या रात्री जेवताना तुमची सून म्हणाली, "अहो, तुम्ही लोकांचे कॉम्प्युटर नीट करता. मामाजींचं तेवढं बघा की." मी म्हणालो, डेटा उडाला की उडाला. तुम्ही मान हलवलीत, माझी बाजू घेतलीत. "त्याला येत असतं तर त्यानं केलं असतं गं." तुम्ही मला येत नाही असं म्हणालात आणि मी आणखी एक आठवडा वाढवला.

दिवाळीच्या आधी छापखान्यातून फोन आला. तुम्ही उभ्यानं बोललात. "नाही बाळा, पुस्तक असं काही नव्हतं. चार ओळी होत्या, हातून गेल्या." फोन ठेवून तुम्ही मॉनिटरचा तो चिकटवलेला कागद नखानं काढलात, घडी केलीत आणि कचऱ्यात टाकलीत. अठरा दिवसांनी तुम्हाला हॉस्पिटलात नेलं. तिथल्या कॉरिडॉरमधल्या बाकावर मी रोज ठरवायचो, आज कानात सांगू. तुम्ही शुद्धीवर होता तोवर मला वाटायचं, आधी तुम्ही विचारा. मग शुद्ध राहिली नाही.

तुम्ही गेल्यावर मी ती चिन्हं काढली नाहीत. कुणासाठी काढायची? यंत्र खोक्यात बांधलं आणि घर बदलताना सोबत आणलं. तुमची सून गेली, मी मुलीकडे आलो, खोकंही आलं. मागच्या महिन्यात तिनं लॉफ्ट आवरायला काढलं. ती कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे, माझ्यासारखीच कामं करते, माझ्यापेक्षा कितीतरी मोठी. तिनं डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि ओरडत बाहेर आली, "पप्पा, आजोबांचं सगळं आहे यात. पूर्ण विंडोज इथंच आहे यार, काहीच उडालं नाही." मी टीव्ही बघत राहिलो. ती परत आत जाऊन एकेक फाइल चाळायला लागली. तासाभरानं लॅपटॉप घेऊन ती माझ्यासमोर बसली.

"पप्पा, ही बूटची फाइल. आजोबांच्या तीन ओळींपुढं हॅश आहे. टाइमआउट झिरो केलाय. हे करप्ट नाही झालेलं, कोणीतरी हाताने केलंय. खाली तारीख पण आहे." मग अगदी हळू म्हणाली, "घरात हे कोणाला येत होतं?"

"मला."

"आजोबांना माहीत होतं?"

"नाही."

तिनं लॅपटॉपचा पडदा खाली केला. मला वाटलं आता ती तुमच्यासारखी गप्प होईल. ती गप्प झाली नाही. "मला विचारलं होतं त्यांनी. बेटा, माझ्याकडून काय दाबलं गेलं असेल? मी शाळेतून आले होते, भूक लागली होती. मी म्हटलं, आजोबा, येत नाही तर हात कशाला लावता? तेरा वर्षांची होते मी. हे मी बोलले त्यांना, पप्पा, आणि ते सॉरी म्हणाले मला."

हे मला माहीत नव्हतं. तुम्ही तिला सॉरी म्हणालात.

माझ्याशी त्या विषयावर ती परत बोललेली नाही. कविता मात्र तिनं हातात घेतल्या आहेत. डिस्क जुनी झाली, काही जागा वाचता येत नाहीत. तीसेक कविता धडधाकट निघाल्या, बाकीच्या अर्ध्यावर तुटल्या. पुस्तक काढायचं आहे तिला, तुमच्या नावानं. तिला मराठी बोलता येतं, पण कवितेतले शब्द अडतात, म्हणून रोज दुपारी मला समोर बसवते आणि विचारते, इथून पुढे काय होतं? मला सगळं येतं. मी सांगतो, ती टाइप करते. जिथं तुटलं होतं तिथून तुमच्या ओळी माझ्या तोंडून निघतात आणि ती माझ्याकडे बघते, जसं काही मी थोडी थोडी परतफेड करतोय.

काल आईवरची कविता आली. फाइल दुसऱ्या कडव्यानंतर तुटलेली. तिनं बोटं कीबोर्डवर ठेवली. मी डोळे मिटले आणि तिसरं कडवं सांगितलं. चार ओळी, सावकाश, तुमच्या चालीत, शेवटी आवाज खाली आणून. तिनं टाइप केलं, वाचलं, आणि रडायला लागली. डोळे पुसत म्हणाली, "पप्पा, पूर्ण पुस्तकात आजोबांचं हेच बेस्ट आहे. हेच मागच्या कव्हरवर घेऊ."

घे, म्हणालो.

ते कडवं माझं आहे. तिथंच बसल्या बसल्या जुळवलेलं. हा कागद तिच्या टेबलावर ठेवावा असं सकाळपासून दोनदा वाटलं, पण नाही ठेवणार. तुमचं तिसरं कडवं मला येतं बाबा, त्यातला एक शब्द मी विसरलेलो नाही. आता ते माझ्याशिवाय कुणालाच येत नाही. ते माझ्या कडव्यापेक्षा फार चांगलं आहे. म्हणूनच सांगितलं नाही.